सेटअप, ऑफसेट आणि अपसेट

मार्च २०२० मध्ये देशभर लॉकडाऊन लागला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्यासाठी ‘टाळेबंदी’ हा शब्द योजला. पुण्यात तो कुणाला खटकला नाही. चिंचवडमध्ये आमच्या सोसायटीतल्या निवृत्त फिटरमामांनी मात्र मथळा वाचून पहिला प्रश्न विचारला, “कुठल्या कंपनीत?”

मामांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे टाळेबंदी म्हणजे लॉकआऊट. मालक रागावतो, गेटला टाळं लावतो, युनियन गेटसमोर मांडव टाकते आणि कामगार आयुक्तांकडे तारखा पडत राहतात. हा अर्थ इथल्या दोन पिढ्यांनी उन्हात बसून पाठ केला आहे. लॉक तेच, टाळंही तेच. पण मागे ‘आऊट’ लागलं की माणूस गेटाबाहेर, आणि ‘डाऊन’ लागलं की घराच्या आत. “बाहेर काढायचं का आत कोंडायचं, हे त्या शेवटच्या बारक्या शब्दावर ठरतंय,” मामा म्हणाले, “आणि नेमका तोच पेपरवाल्यांनी गाळला.”

त्यात सेफ्टीवाल्यांनी आणखी एक भर घातली आहे. मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या मेन स्विचला कुलूप लावायचं, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवायची आणि स्विचवर त्याच्या नावाचा टॅग अडकवायचा, म्हणजे हात आत असताना कुणी बटण दाबणार नाही. या चांगल्या पद्धतीचं नाव लॉकआऊट-टॅगआऊट. मग ट्रेनिंग हॉलमध्ये एखादा तरुण सेफ्टी ऑफिसर पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो, ‘लॉकआऊट तुमच्याच भल्यासाठी आहे’, आणि मागच्या रांगेतले युनियनचे जुने कार्यकर्ते एकमेकांकडे बघून बाह्या सरसावतात.

इंग्रजी क्रियापद हा मुळात गरीब, दोन-चार अक्षरांचा प्राणी. सेट, पुट, टेक, रन, ब्रेक, ले. त्याला शेपूट लागलं की तो चावायला लागतो. हे दुःख फक्त आपलं नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सनसाहेबांनी १७५५ साली आपला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदाला असं शेपूट लावून अर्थ फिरवण्याची आमच्या भाषेला भारी सवय आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. म्हणजे रोगाचं निदान पावणेतीनशे वर्षांपूर्वीच झालं होतं. औषध अजून निघालेलं नाही.

आपल्याकडे आधी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्या घडवल्या. मग पाचवीपासून इंग्रजी आलं आणि २००० साली ते पहिलीपासून झालं. तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आमच्याच भागातले. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे आणि तिथे मराठी नाटकं जोरात चालतात. पण या शेपटांचं इंग्रजी चिंचवड शाळेत शिकलं नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि मावळ-मुळशी-खेडची शेतकऱ्यांची पोरं डबा घेऊन गेटातून आत गेली. आत जे शब्द होते ते त्यांनी जसेच्या तसे उचलले. कुणी अर्थ सांगितला नाही. मशीनने सांगितला.

त्यातला राजा म्हणजे ‘सेट’. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद याच शब्दाची होती, क्रियापदाचेच चारशेहून जास्त अर्थ. ते सगळे कुणाला येत असतील असं वाटत नाही, पण भोसरीतल्या सीएनसी ऑपरेटरची पाळी तीन-चार अर्थांत सहज निघते. सकाळी आल्यावर जॉबचा सेटअप. पहिला पीस काढून मोजायचा, टूल झिजलं असेल तर ऑफसेट द्यायचा. तो उलट्या बाजूला दिला गेला की सुपरवायझर अपसेट. रविवारी येऊन भरून काढलं की त्याच्या बदल्यात मिळालेल्या रजेचा सेट-ऑफ. ‘सेट’च्या पुढे ‘अप’ लागलं तर साहेबाचा चेहरा बिघडतो आणि मागे लागलं तर मशीन जागेवर येतं, हे त्या ऑपरेटरला समजावून सांगावं लागत नाही. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरने सेटअपचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायची पद्धत जगाला शिकवली. अपसेटचा वेळ कमी करायची पद्धत त्यांनी दिली असती तर चाकणमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला असता.

आणि हे अपसेट प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही. फोर्जिंगमध्ये अपसेट हा रुसवा नाही, प्रक्रिया आहे. लोखंडी दांड्याचं टोक लालभडक तापवायचं आणि समोरून दाबायचं. दांडा लांबीला कमी होतो आणि टोकाशी जाड होतो. बोल्टचं डोकं असं तयार होतं, इंजिनचा व्हॉल्व्हही असाच. त्या मशीनला अपसेटर म्हणतात आणि चालवणाऱ्यालाही तेच नाव चिकटतं. आता कल्पना करा, कांदेपोह्यांचा कार्यक्रम, मुलीचे वडील बँकेतून निवृत्त.

“काय करता आपण?”

“मी अपसेटर आहे.”

“अहो, होतं असं कधीकधी. पण कामाला कुठे असता?”

“तेच सांगतोय काका. दहा वर्षं झाली, अपसेटरच आहे. आता परमनंट केलंय.”

‘सेट’चं राज्य आता गेलं म्हणतात. ऑक्सफर्डवाल्यांनी नव्याने नोंदी लिहायला घेतल्या, त्यात ‘रन’ पुढे निघून गेला. चिंचवडला त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. इथे एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना साठच्या दशकापासून आहे आणि बेअरिंगवाल्यांच्या तोंडी दिवसभर रनआऊट असतं. शाफ्ट फिरताना आपल्या अक्षापासून किती हलतो, त्याचं माप म्हणजे रनआऊट. डायल गेज टेकवायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा आणि काटा किती नाचतो ते बघायचं. त्यामुळे नवा ट्रेनी पहिल्या दिवशी गोंधळतो. “रनआऊट किती?” असं विचारल्यावर तो स्कोअर सांगणार असतो, तोवर शेजारचा म्हणतो, “बारा मायक्रॉन.” क्रिकेटमध्ये बॅट्समन एकतर रनआऊट असतो किंवा नसतो. इथे प्रत्येक जण थोडाथोडा रनआऊट असतोच, फक्त ड्रॉइंगवर दिलेल्या मर्यादेत राहायचं, आणि क्वालिटीवाला हाच थर्ड अंपायर. माणसांच्या बाबतीतही हे जास्त खरं वाटतं.

पण सगळ्यात वाईट शेपूट ‘ले’चं. ‘लेआऊट’ म्हणजे मशिनांची मांडणी. ‘लेऑफ’ म्हणजे माणसांची. पहिला बदलायला लागला की दुसऱ्याची कुजबुज सुरू होते, हे शॉपफ्लोअरवरच्या कुणालाही विचारा. आमच्याकडे गावाकडून आलेल्या एका हेल्परने नोटीस बोर्डावर ‘ले-ऑफ’ वाचलं आणि खूश होऊन घरी फोन केला, की वीकली ऑफ असतो, कॉम्प ऑफ असतो, आता ‘लय ऑफ’ दिलेत. अर्थ त्याने बरोबर काढला होता. पगाराचं तेवढं विचारायचं राहिलं.

तेही कायद्यात आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे लेऑफ म्हणजे तात्पुरतं बसवणं होतं. माल नाही, वीज नाही, मशीन बंद आहे, म्हणून कामगाराला काम देता येत नाही. नोकरी शाबूत आणि त्या दिवसांचा मूळ पगार व महागाई भत्ता निम्मा मिळायचा. वाहन उद्योगात मंदी आली की आमच्या भागात हे अधूनमधून व्हायचंच. नोकरीवरून कायमचं कमी करणं म्हणजे रिट्रेंचमेंट, कपात. तिचं कलम वेगळं, भांडण वेगळं. हा फरक भोसरीच्या बापाला तोंडपाठ. पण त्याचा मुलगा हिंजवडीला आयटीत गेला आणि तिथलं लेऑफ अमेरिकेहून आलं. मग घरी असा संवाद होतो.

“बाबा, आमच्याकडे लेऑफ झालं.”

“मग एवढं तोंड काय पाडतो? निम्मा पगार येईल. महिन्या-दोन महिन्यात बोलावतील परत.”

“परत नाही बोलावत, बाबा. लॅपटॉप पण घेतला.”

“लॅपटॉप घेतला? मग लेऑफ कसलं ते! युनियनवाल्यांना भेटलास का?”

शब्द तोच, शेपूटही तेच, तरी दोघांच्या मध्ये अख्खी पवना वाहते. बापाला कळत नाही की मुलगा एवढा घाबरला का, आणि मुलाला कळत नाही की बाप घाबरत का नाही.

काही शेपटं पुढे लावली की एक आणि मागे लावली की भलतंच. मोशीच्या बाजूने नाशिक रस्त्याला निघालात की दर मिनिटाला ओव्हरटेक दिसतो. टेकओव्हर बघायचा तर तळेगावला जायचं. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या शेवटी बंद पडला. चीनच्या ग्रेट वॉलने तो घ्यायचा करार केला, सरकारी परवानग्या आल्या नाहीत, २०२२ साली तो करार बारगळला आणि पुढच्या वर्षी ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. ओव्हरटेक चुकला तर बाजूच्या हॉटेलवाल्याला कळतं. टेकओव्हर चुकला तर आमदार, युनियन, बँका आणि भाड्याने खोल्या देणारे असे सगळे दोन वर्षं अडकतात. तरीही ओव्हरटेकला आपण घाबरतो आणि टेकओव्हरची बातमी चहा पिताना वाचतो.

वाहतुकीवरून आठवलं. ‘पिकअप’ या शब्दाचं आपण जे करून ठेवलंय ते इंग्रजांना सांगू नये. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी डिस्पॅचवाल्याचा फोन ऐका.

“पिकअप कुठाय?”

“पिकअपवाला फोन पिकअप करीना.”

“दुसरा पिकअप बघ मग.”

“दुसऱ्याला पिकअप नाही, साहेब. चढाला दम टाकतो.”

गाडी, फोन आणि इंजिनाचा जोर, तिन्ही एकाच शब्दात. समोरच्याला एकदाही शंका आली नाही. माल मात्र जागेवरच.

‘टर्नओव्हर’चं तसं नाही. तिथे टाळी कुठे वाजवायची ते माहीत असावं लागतं. वार्षिक सभेत अकाउंट्सवाला म्हणाला, यंदा टर्नओव्हर वीस टक्क्यांनी वाढला, तर सगळे टाळ्या वाजवतात. एचआरवाली तेच वाक्य म्हणाली की हॉलमध्ये शांतता पसरते, कारण तिच्या टर्नओव्हरमध्ये माणसं नोकरी सोडून जात असतात. परचेसमध्ये सप्लायरला दरवाजावरच सांगतात, ‘कॉस्टचं ब्रेकअप घेऊन या.’ नवीन साखरपुडा झालेल्या पोरांना हे काम शक्यतो देत नाहीत. ‘फॉलोअप चालू आहे’ म्हणजे काहीही चालू नाही, हे सांगायची गरज नसावी. आणि चाकणला विजेच्या खांबांवर ‘आयटीआय पासआऊट मुले पाहिजेत’ अशा ज्या पाट्या असतात, त्या वाचून एखाद्या इंग्रजाला वाटेल की ही औद्योगिक वसाहत बेशुद्ध पडलेल्या मुलांच्या जिवावर चालते. मोरवाडीच्या आयटीआयमधून दरवर्षी एवढी मुलं ‘पासआऊट’ होतात हे कळलं तर तो अँब्युलन्स बोलावेल.

यात एक गंमत अशी की आपल्याला अवघड इंग्रजी सोपं जातं आणि सोपं अवघड. फायर एक्स्टिंग्विशर हा जीभ मोडणारा शब्द प्रत्येक कारखान्यात लाल डब्यावर लिहिलेला असतो आणि झाडूवालाही तो बिनचूक बोलतो. तेच ‘पुट आऊट’ म्हटलं की गोंधळ. एक किस्सा आमच्याकडे फार सांगितला जातो. वेल्डिंगची ठिणगी कॉटन वेस्टच्या ढिगावर पडली, धूर निघाला, परदेशी इंजिनिअर ओरडला, “पुट इट आऊट! पुट इट आऊट!” हेल्परने शांतपणे पेटता बोळा सांडशीत धरला आणि बाहेर सायकल स्टँडपाशी नेऊन ठेवला. साहेब काही बोलू शकला नाही. सांगितलं होतं तसंच झालं होतं.

याचं कारण इतिहासात आहे. इंग्रजीत प्रत्येक गोष्टीला दोन शब्द असतात, एक घरातला आणि एक लॅटिन-फ्रेंचकडून आलेला कोट-टाय घातलेला. पुढे ढकलायचं तर ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’. साहेब घरात पहिला बोलायचा, फायलीत दुसरा लिहायचा. आपण त्याच्या फायलीत कारकून होतो, घरात नव्हतो. त्यामुळे ‘पोस्टपोन’ आपल्या अंगवळणी पडला, इतका की त्यावरून आपण ‘प्रीपोन’ नावाचा स्वतःचा शब्द पाडला आणि तो आता ऑक्सफर्डच्या कोशातही जाऊन बसला आहे. शेपटं तेवढी साहेबाच्या बैठकीच्या खोलीतच राहिली.

जर्मनांचा आणखी वेगळा प्रकार. चाकणला फोक्सवॅगन २००९ साली आली, मर्सिडीजही त्याच सुमारास, आणि पोरं जर्मन क्लासला जाऊ लागली. जर्मनमध्येही शेपूट असतं, पण ते लोक पुष्कळदा ते तोडून वाक्याच्या पार शेवटी ठेवतात. ‘आउफ’ आलं तर उघडा, ‘त्सू’ आलं तर बंद करा. म्हणजे दार, झडप, व्हॉल्व्ह सगळ्यांची नावं ऐकून झाली तरी शेवटचा शब्द पडेपर्यंत हात तसाच हवेत धरून थांबायचं. शिस्त या लोकांत कुठून आली, हा प्रश्न मला तरी पुन्हा पडला नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर मराठी माणसाने साळसूदपणाचा आव आणायचं कारण नाही. संस्कृतचे पंडित उपसर्गांचा नियम शिकवताना आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार अशी रांग लावत आले आहेत. ‘हार’ एकच, पण त्याच्या पुढे काय आलं यावर जेवायचं की मरायचं ते ठरतं. आपण मराठी माणसांनी तर क्रियापदाला हातही लावला नाही, थेट शरीरच धरलं. चेन्नईहून आलेले आमच्याकडचे एक प्रॉडक्शन मॅनेजर मराठी शिकायला गेले आणि ‘अंग’ या शब्दापाशी थांबले. एका नव्या प्रोजेक्टची कहाणी त्यांना अशी ऐकायला मिळाली: काम आधी कुणीतरी अंगावर घेतलं. मग ते सगळ्यांच्या अंगावर आलं. दोघांनी अंग चोरलं, एकाने अंग काढून घेतलं. ज्याच्या अंगात आलं होतं त्याच्या शेवटी अंगाशी आलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, “मेडिकल इन्शुरन्समध्ये हे बसतं का?”

डोक्याचंही तेच. त्यांच्या सूचना ऑपरेटरच्या डोक्यावरून गेल्या, म्हणजे कळल्या नाहीत. डोक्यात गेल्या, तर मात्र ऑपरेटर चिडला. ‘वरून’ आणि ‘आत’ यांत एवढं अंतर असेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मोठ्या प्रेमाने सगळ्यांना विचारलं होतं, “माझं बोलणं डोक्यात गेलं ना?” आणि पहिल्यांदाच संपूर्ण पाळीने एकमुखाने हो म्हटलं.

मग ‘ठेवणे’. रात्रपाळीच्या सेटरला सुपरवायझर सांगतो, “सेटिंग करून ठेव.” सकाळी येऊन म्हणतो, “काय करून ठेवलंयस हे?” शब्द तेच, क्रम तोच. पहिल्यात विश्वास आहे, दुसऱ्यात मेमो. जॉन्सनसाहेब इथे जन्मले असते तर कोश ‘क’ च्या पुढे गेला नसता.

तेव्हा इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती. ‘सेटअप’, ‘अपसेट’, ‘टेकओव्हर’ हे फळ्यावर रकाने पाडून शिकवू नका, मुलं ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात. वर्ग घेऊन भोसरीच्या किंवा चिंचवडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये या. शॉपवाले चहा पाजतील, सेटअप दाखवतील आणि अपसेट कसं होतं तेही दिसेल. फक्त येण्याआधी फोन करा आणि गुरुवारी येऊ नका. इथल्या एमआयडीसीचा वीकली ऑफ गुरुवारी असतो.